जाळ्यातला बॉल

हरमलची माझी खानावळ गिऱ्हाईक नाही म्हणून बंद करून मी तेरेखोलला नोकरीला जात होतो. वाटेत केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीचा दोर झेलून बांधणारा एक माणूस रोज दिसायचा. जन्मभर एकाच फुटबॉल टीमचा, गावच्या. अंगात तिचीच विटलेली जर्सी. उजव्या हाताची दोन बोटं दोरात अडकून गेली, तरी रविवारी गोलकीपर तोच.

एका सोमवारी मी विचारलं, “काय बाब, काल किती गोल खाल्ले?”

“पाच,” तो हसला.

“वाईट नाही वाटत?”

“वाटता. पण गोल झालो म्हणान बॉल जाळ्यातच सोडूचो? मैदानाच्या मधी धाडल्याबिगर खेळ परत सुरू कसो जातलो?”

दोर आला. त्याने तीन बोटांत अलगद झेलला.

त्या संध्याकाळी मी खानावळीचं कुलूप काढलं.