गुडघाभर समुद्र

काकूंच्या हातांना आठवडाभर हिंगाचा वास यायचा आणि रविवारी दुपारी क्लोरिनचा. घरात हे फक्त मला ठाऊक होतं. ताटात गरम पोळी पडली की ती वाढणाऱ्या हाताकडे बघायची काकांना सवय नव्हती.

मी तेव्हा न्यूजर्सीत, आयसेलिनला त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. नोकरी नवी होती, माणसांत मिसळायला मला वेळ लागतो आणि इंग्रजी शाळेमुळे मराठी बोलतानाही मी आधी मनात वाक्य जुळवून घेते. काकूंना त्याचं काही वाटत नसे. "कमी बोलतेस ते बरंय. या घरात बोलणारे पुष्कळ आहेत," असं म्हणून पहिल्या काही महिन्यांतच त्यांनी मला आपल्या कटात सामील करून घेतलं. रविवारी काका मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेले की त्या माझ्या गाडीत बसायच्या आणि आम्ही गावच्या स्विमिंग पूलवर जायचो. साठीला टेकलेल्या काकू पोहायला शिकत होत्या.

शिकवणारी कॉलेजातली मुलगी काठावरून ओरडायची, "किक, मंजू, किक!" काकू वर येऊन धापा टाकत म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून, काही काम न सांगता मला नावाने हाक मारणारी ही पहिलीच!" अंगात गुडघ्याखाली पोचणारा, पूर्ण बाह्यांचा काळा ड्रेस असायचा. तो ऑनलाइन मागवून त्यांनी माझ्या कपाटात ठेवला होता.

त्या मालवणच्या. "घराच्या पायरीवरून समुद्र दिसायचा गं. भाऊ पोहायचे आणि आम्ही बहिणी वाळूत बसून त्यांचे कपडे सांभाळायचो," एवढंच त्यांनी एकदा सांगितलं. पूलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जमायला लागलं, तेव्हा त्यांचं ठरलं की आता एकदा समुद्रात पोहायचं. मी म्हटलं, काकांना सांगा ना, त्यांना आवडेल. त्यांनी टॉवेल डोक्याला गुंडाळत माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं की ते माझं राहत नाही. सगळ्यांचं होतं."

त्या उन्हाळ्यात काकांच्या मित्रमंडळींनी ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावर घर भाड्याने घेतलं. काकूंची मुलगी आयत्या वेळी येईना, म्हणून तिच्या खोलीत माझी वर्णी लागली. माझा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का ताजा होता, त्यामुळे परत येताना अडकायची भीती नव्हती. बॅग भरताना काकूंनी काळा ड्रेस माझ्याच बॅगेत घातला. त्यांची स्वतःची बॅग प्रेशर कुकर, गोडा मसाला, तूरडाळ, पोहे, साबुदाणा आणि तांदळाचं पीठ यांनी भरली होती.

कारण काकांचं एक वाक्य होतं, "आपल्याला बाबा आपलं जेवण लागतं." ते असं म्हणायचे की जणू एखादा जुना आजार सांगताहेत. मग बाकीचेही माना डोलवायचे. ग्रुपमध्ये काकूंना सगळे 'अन्नपूर्णा' म्हणत. ग्रीसमध्ये हे नाव दिवसातून तीनदा ऐकू यायचं, पोहे, जेवण आणि रात्रीच्या खिचडीच्या वेळी. घराच्या खालीच समुद्र होता, उथळ, हिरवानिळा, तळाची वाळू दिसेल इतका स्वच्छ. तो काकूंना ओट्यावरच्या खिडकीतून दिसायचा. पहिल्या दिवशी सामान लावायचं होतं. दुसऱ्या दिवशी काकांना ॲसिडिटी झाली, त्यांना मऊ भात हवा होता. तिसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या नीतामावशींच्या लग्नाचा वाढदिवस निघाला. रोज सकाळी काकू हळूच मला म्हणायच्या, "ड्रेस वरच ठेव हं. आज बघू."

एका संध्याकाळी सगळे बंदराजवळचं संगमरवरी दार बघायला गेले. फार जुनं देऊळ बांधायला घेतलं होतं, ते पुरं झालंच नाही, आता नुसती चौकट उभी आहे. तिच्यातून सूर्यास्त दिसतो, म्हणून फोटोंना ही गर्दी! काकू चौकटीकडे बघत राहिल्या. "भिंती नाहीतच. मग आत कुठलं नि बाहेर कुठलं?" तेवढ्यात काका म्हणाले, "मंजू, तू पुढे होतेस का? कुकर लागेल तोवर आम्ही येतोच." सूर्य पाण्याला टेकायच्या आत आम्ही दोघी निघालो.

बाहेर म्हणून आम्ही एकदाच जेवायला बसलो, तेही घराची किल्ली काका विसरले आणि मालक येईपर्यंत थांबावं लागलं म्हणून. सगळ्यांनी फ्रेंच फ्राईज मागवले. वेटरने आपण होऊन एक पिवळी डिश आणून ठेवली. घोटलेली डाळ, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. त्याला ते लोक फावा म्हणतात. काकूंनी पावाचा तुकडा बुडवून खाल्ला आणि हसायलाच लागल्या. "अहो, हे तर वरण! घट्ट वरण! आणि मी न्यूजर्सीहून डाळ वाहून आणली!"

"छे, आपल्यासारखं नाही," काका चव न घेताच म्हणाले. "वहिनींच्या हाताची सर नाही हो," आणखी कुणी म्हणालं. काकूंनी ती डिश शांतपणे संपवली.

शेवटच्या दिवशी संकष्टी आली. नीतामावशींच्या फोनमधलं कॅलेंडर न्यूजर्सीवर लावलेलं होतं, त्यामुळे चंद्रोदय इथला धरायचा, तिथला की पुण्याचा, यावर सकाळी मोठा वाद झाला. "बाप्पाला टाइम झोन कळतो का?" काका. "तुम्हाला भूक लागलीय म्हणून पुणं आठवतंय," नीतामावशी. शेवटी इथलाच चंद्र धरायचं ठरलं. काकू साबुदाण्याची खिचडी ढवळत माझ्याजवळ आल्या. "सगळ्यांना उपास. दुपारी स्वयंपाक नाही. मोदक संध्याकाळी. चल."

दुपारी सगळे आडवे झाल्यावर आम्ही खाली उतरलो. काकूंनी ड्रेसवर पंचा गुंडाळला होता, तो वाळूवर ठेवला. पाणी थंड होतं. त्या एकेक पाऊल टाकत गुडघ्यापर्यंत गेल्या आणि श्वास सांभाळत थांबल्या, पूलमध्ये थांबायच्या तशाच. खांदे खाली आले. आता त्या पुढे झुकणार, एवढ्यात वरून आवाज आला.

"अरे, बघा बघा! अन्नपूर्णा पाण्यात!"

गॅलरीत काका होते. मग एकेक करून सगळेच खाली आले, फोन हातात धरून, हसत. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. "वहिनी, ऑलिम्पिक का?" "काकू, इकडे बघा, एक हात वर!" "मंजू, जपून हं! अहो, घरी बाथटबमध्ये उतरताना माझा हात धरते ही!" काकांनी पँट वर दुमडली आणि खरंच त्यांना धरायला पाण्यात शिरले.

काकूंनी एक हात वर केला, फोटोपुरतं हसल्या आणि काकांचा हात धरून बाहेर आल्या.

"काकू, जा ना, पोहा ना," मी पंचा देताना पुटपुटले. त्यांनी पाय पुसले. "चल, उकड काढायचीय."

मोदक सुंदर झाले होते. सगळ्यांनी सांगितलं.

तो व्हिडिओ पुढे फार फिरला. मंडळाच्या दिवाळीतसुद्धा पडद्यावर दाखवला आणि काकू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. रविवारी मी गाडीची किल्ली घेऊन वर जायचे. "पाणी फार गार असतं गं," त्या म्हणायच्या. हिवाळ्यानंतर मी विचारणं सोडलं. काळा ड्रेस त्यांनी माझ्या कपाटातून काढून दान करायच्या कपड्यांत टाकला.

मला दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला नोकरी लागली आणि मी ते घर सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात ग्रुप पुन्हा ग्रीसला, क्रीट बेटावर निघाला. काकूंनी गुडघेदुखी सांगून नाही म्हटलं. त्या येत नाहीत म्हणून ट्रिप रद्द करायची चर्चा झाली, पण पैसे भरून झाले होते. ते सगळे परतल्यावर मी फोन केला.

"घरी एकट्या होतात, मग पूलवर गेलात का?"

"नाही गं. पाय निघाला नाही."

"आणि काकांना मजा आली?"

"खूप! काल जेवताना सांगत होते. रोज बाहेर जेवले म्हणे. भरलेली वांगी, मासे, ते फावासुद्धा. म्हणाले, मंजू, खरं सांगू? एकदाही आपलं जेवण आठवलं नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? विचारलं, अजून एक पोळी वाढू का."

"घेतली?"

"दोन घेतल्या," काकू म्हणाल्या.