दोन्ही बाजूंनी भरलेला कागद

बायकोच्या बी.ए.च्या नोट्स मी एकदा फुटाणेवालीला देऊन टाकल्या. पेपर दोन दिवसांवर असताना. आणि आपण काहीतरी चांगलं करून आलो या आनंदात शीळ घालत घरी आलो. आमच्याकडे हा किस्सा दर लग्नकार्यात कुणीतरी काढतंच. दुसऱ्यानं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच लिहिलेला बरा.

माझा गुन्हा समजायचा तर आधी माझी तत्त्वं समजली पाहिजेत. ऐंशीच्या दशकात मी आदिलाबादला कॉलेजात होतो. तिघांत एक खोली, तिघांत एक सायकल. स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. सॉ मिलवरून सागाचा भुसा पोत्यात भरून आणायचा, शेगडीत मधोमध बाटली उभी धरून चहूकडून तो ठासायचा आणि मग बाटली अलगद वर काढायची. ती अलगद निघाली तर वरण-भात, नाहीतर धूर. अंघोळीचं पाणी घरमालकाच्या केळीला. वर्ष संपलं की वह्यांतले कोरे कागद काढायचे आणि पोती शिवायच्या दाभणानं शिवून पुढच्या वर्षाची वही करायची. पाठपोट लिहायचं, समासातही लिहायचं. दोन्ही बाजू भरल्या की कागद संपला. तो फुटाणेवाल्याला द्यायचा, बदल्यात मूठभर फुटाणे घ्यायचे. याला तेव्हा कुणी चांगली सवय वगैरे म्हणत नव्हतं. आमच्या बापांची शेतमजुरी सुटून फार दिवस झाले नव्हते, आणि नवी वही मागायला गावाकडे पत्र लिहायचं तर पत्रालाही कागद लागायचा.

पंचाईत पुढे झाली. गुडीहत्नूरला शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलो, पगार सुरू झाला, आणि गरजेपोटी लागलेल्या सवयींचा मला अभिमान वाटू लागला. वर्गात पोरांना सांगू लागलो. लग्न झाल्यावर बायकोला सांगू लागलो. ती इंटर, म्हणजे बारावी, झालेली होती. लग्नानंतर तिनं आदिलाबादला डिग्रीला नाव घातलं. पहाटे स्वयंपाक उरकून ती बस धरायची. तिच्या माहेरी कॉलेजची पायरी तोवर कुणी चढलं नव्हतं. अशा बाईला मी पेन्सिल किती बारीक होईपर्यंत वापरावी हे शिकवायचो. ती ऐकून घ्यायची. मला वाटायचं, शिकून राह्यली.

तिचं कॉलेज सोपं नव्हतं. शिकवणं तेलुगूत, समजणं मराठीत, आणि पेपर पुन्हा तेलुगूत. वर्गात ती कानानं तेलुगू ऐकायची आणि हातानं मराठी लिहायची. त्यामुळे तशा नोट्स दुसऱ्या कुणाजवळ असणं शक्यच नव्हतं. मैत्रिणींच्या मागून आणल्या तर त्या तेलुगूत; एकेका पानाला तिचा अर्धा तास जायचा. अर्थशास्त्राचा पेपर तर आदल्या वर्षी राहिलाच होता. यंदाही राहिला तर कॉलेज बंद, असं तिनं स्वतःच घरात सांगून ठेवलेलं. मी किंवा आणखी कुणी तसं म्हटलं नव्हतं. स्वतःच्या शब्दाला मात्र ती पक्की.

या नोट्स तिनं लिहिल्या होत्या आमच्या शाळेतल्या सहामाहीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकांवर. एका बाजूला सायक्लोस्टाईलचा मजकूर, दुसरी बाजू कोरी. कोपऱ्यात दोरा ओवून तिनं त्यांचा गठ्ठा बांधला होता. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. माझ्या व्याख्यानात नसलेली काटकसर माझ्या कशी लक्षात यावी?

त्या रविवारी ती बोरिंगवर पाणी भरायला गेली आणि मी घर आवरायला काढलं. कपाटावर गठ्ठा दिसला. वरचं पान पाहिलं: सहावी, गणित, वेळ दोन तास. उलटून पाहिलं: भरलेलं. अक्षर बायकोचं. म्हणजे दोन्ही बाजू भरल्या, कागद संपला. कशानं भरलाय हे वाचायचं माझ्या नियमात नव्हतं.

बसस्टँडवरच्या फुटाणेवालीनं गठ्ठा घेतला आणि मला दोन पुड्या भरून दिल्या.

घरी आल्यावर एक पुडी बायकोपुढे धरली. तिनं फुटाणे ताटलीत ओतले, आणि नेहमीप्रमाणे कागद ठेवून द्यायचा म्हणून गुडघ्यावर सपाट केला. मग तो उलटसुलट करून पाहिला.

"अवो, हा कागद कुठला?"

"शाळेतला जुना. दोन्हीकडून भरला होता, म्हणून म्हटलं..."

"भरला होता म्हणूनच तं ठेवला होता."

मग स्वतःशी बोलल्यासारखं, "मंगळवारी अर्थशास्त्र हाय." रडली असती तर मी समजूत काढली असती, भांडली असती तर उलट भांडलो असतो. तिनं यातलं काही केलं नाही, म्हणून मी सायकल काढली.

फुटाणेवाली पुड्या वळतच होती. मी गठ्ठा परत मागितला.

"गुर्जी, सकाळी देता अन् आता मागता? हा काय आहेर हाय का लग्नातला?"

"माझ्या बायकोचा अभ्यास आहे त्याच्यावर."

"मंग मी फुटाणे कायच्यात देऊ? लोकाइच्या वंजळीत?" तिनं गठ्ठा मांडीखाली सरकवला. "दुसरा कागद आणा, हा घेऊन जा."

दुसरा कागद माझ्याकडे होता. माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या वह्या. दहा वर्षं फडक्यात बांधून ट्रंकेत जपलेल्या, पाठपोट भरलेल्या, माझ्याच नियमानं केव्हाच संपलेल्या. त्या मी का ठेवल्या होत्या हे मला विचारू नका. आणून दिल्या. तिनं बोटानं पान चाचपलं. "बरा हाय. तुमचा कागद जाड हाय, मास्तरीनबाईचा पातळ."

तेवढ्यात इचोड्याकडे जाणारी बस लागली, आणि खिडकीतल्या एका माणसाच्या हातात बायकोचं अक्षर दिसलं. खालून ओरडलो, "कागितम् इव्वंडी!" माझं तेलुगू कागद मागण्यापुरतं बरं आहे. पण तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि त्यानं मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. भुकेला वाटलो असणार. बस हलता हलता त्याला खुणेनं समजलं. उरलेले फुटाणे त्यानं खिशात ओतले आणि कागद खाली सोडला. स्टँडवर पडलेले आणखी चार वेचले. एकावर कुणाची तरी चप्पल उमटली होती.

घरी येताना चढावर सायकल हातात धरून चालत होतो. काटकसर म्हणजे काय किती उरलं ते पाहायचं, असंच मी धरून चाललो होतो: भुसा किती, पाणी किती, कागद किती. त्या कागदावर कुणाचे किती दिवस गेलेत, हे पाहायचं राहून गेलं. आदिलाबादच्या खोलीत ही चूक झाली नसती. तिथं कुणाच्या वहीत काय आहे हे तिघांनाही ठाऊक असायचं.

आम्ही पानं लावून पाहिली. नऊ कागद नव्हते.

मी नवी वही आणायला निघालो. "कायले? कोऱ्या पाठीचे अजून हायत ना खालच्या फळीवर," ती म्हणाली. मग ती आठवून आठवून सांगू लागली आणि मी लिहू लागलो. दर दोन वाक्यांनी मी अडकायचो.

"घटत्या उपयोगितेचा सिद्धांत. लिवा."

"म्हणजे काय?"

"फुटाणे खा."

खाल्ले.

"कसे लागले?"

"चांगले."

"अजून खा. अजून." चौथ्या मुठीला मी हात आखडला. "काऊन? तेच फुटाणे हायत ना?"

"आता नको वाटते."

"हेच ते. लिवा."

"पण चौथ्या मुठीला तिखट लावलं असतं तर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, पेन माझ्या हातातून घेतलं आणि आलेख काढला. गणिताच्या माणसाला रेघ दिसल्याशिवाय पटत नाही. नऊ कागदांतले सात तिनं असे दोन दिवसांत माझ्या डोक्यात घातले. दोन काही केल्या आठवले नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी मी स्टँडवर उभा होतो. बसमधून ती उतरली आणि सरळ घराकडे चालू लागली. मी मागं मागं.

"कसा गेला?"

"हरवलेल्यातलेच दोन सवाल आले."

"मग?"

"मंग काय, लिवले दोन्ही. सातातलेच होते." ती थांबली, पदरानं कपाळ पुसलं. "तुमाले समजेपर्यंत सांगतलं ना मी? मंग पेपर तपासणाऱ्याले काऊन नाही समजणार?"