पाचव्या खोलीचं दार

कॉलेजातल्या मुली तिला 'बाण मॅडम' म्हणत. शिकवायचं काहीही असो, ती फळ्यावर आधी चार-पाच ठिपके काढायची आणि मग ते बाणांनी जोडत बसायची. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, घरी भांडण झालं तरी बाण काढता का?" तीही हसून म्हणाली, "भांडायला माणसं लागतात गं."

घरी माणसं दोनच, ती आणि आई. हॉलची एक भिंत तिने काळ्या रंगाने रंगवून घेतली होती आणि तरुणपणी सुरू केलेला प्रबंध अजून त्या भिंतीवरच होता. मावशी आली की म्हणायची, "लोक नवऱ्याशी लग्न करतात, हिने भिंतीशी केलं. बरं, भिंत तरी बोलते का?" त्यावर आई कप घेऊन मागच्या खोलीकडे जायची.

मागची खोली वडिलांची. ते तिथेच गेले, खुर्चीत बसल्या बसल्या, तिसऱ्या प्रहरचा चहा पिऊन. त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून रोज त्या वेळेला आई एक कप चहा त्या खोलीत ठेवून यायची आणि थोड्या वेळाने रिकामा कप घेऊन यायची. खोलीला खिडकी होती, खिडकीखाली माती होती. आई चहा तिथे ओतत असणार, असं मुलीने मनाशी ठरवून टाकलं होतं. ती स्वतः त्या खोलीत पाऊल टाकत नसे.

आईला एकदाच तिने आपलं गणित समजावलं होतं.

"हा ठिपका म्हणजे खोली. बाण म्हणजे दार, एकाच बाजूने जाता येईल असं. खोल्यांत माणसं असतात, ती दारातून पुढच्या खोलीत जातात. काही पोचतात, काही वाटेतच शून्य होतात."

"गणितातच कशाला," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "बरं, मग?"

"मग त्या माणसांचे दोन गट पाडता येतात का ते बघायचं. कितीही दारं ओलांडली तरी इकडचा तिकडे मिसळता कामा नये."

"म्हणजे एका घरात दोन संसार."

"अगदी तसंच. ज्याचे असे दोन होत नाहीत ते अविभाज्य. एका नकाशावर असे अविभाज्य किती, ते एकही न सोडता शोधायचं. एवढंच माझं काम."

आईने एक देठ मोडला. "आपल्याकडे आहेतच की दोन," ती म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.

मुलगी खडू घेऊन भिंतीकडे वळली.

तिचा नकाशा पाच ठिपक्यांचा होता. प्रबंधाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी दिलेला, आणि सरांनीच घातलेल्या अटींनी बांधलेला. सवयीने तिने ठिपक्यांना घरातल्या खोल्यांचीच नावं दिली होती: स्वयंपाकघर, हॉल, झोपायची खोली, गच्ची आणि पाचवी मागची खोली. हॉलमधून स्वयंपाकघरात जाणारा एक बाण होता, तिकडून हॉलमध्ये परत येणारा एक. हॉलमधून मागच्या खोलीत जाणारा एकच.

अविभाज्य शोधायच्या रीतीला त्या विषयातली माणसं विणकामच म्हणतात. शेजारच्यांची बेरीज करायची, मागच्याला वजा करायचं, की पुढचा टाका पडतो. असे टाके तिने वर्षानुवर्षं घातले, उसवले, पुन्हा घातले. आणि एका दुपारी जाळं चहूबाजूंनी बंद झालं. एकही टाका लोंबता राहिला नाही. त्या विषयात एक प्रमेय आहे: जाळं असं बंद झालं की त्याच्याबाहेर एकही अविभाज्य उरत नाही. शोधायला कुठे जायलाच नको.

ती तशीच, हाताला खडू लागलेला, सरांकडे गेली. सरांचं घर अर्धं खोक्यांत भरलेलं होतं. महिनाअखेरीला ते मुलाकडे परदेशात कायमचे राहायला जाणार होते.

"वेळेवर आलीस," काकू म्हणाल्या. "यांनी चष्मासुद्धा खोक्यात भरला होता, सकाळीच काढलाय."

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचले. मग बोट एका रांगेवरून खाली खाली नेलं.

"पाचव्या जागी सगळीकडे शून्य आहे."

"हो सर."

"म्हणजे तुझ्या जाळ्यातलं कुणीच पाचव्या खोलीत राहत नाही. पण एखादा नुसता पाचव्या खोलीतच बसलेला असू शकतो ना? बाकी सगळं घर रिकामं, तो एकटा. त्याला कोण अडवणार? आणि एकट्याचे दोन कसे होणार? तो अविभाज्यच. कुठेय तो?"

तिने ती रांग पुन्हा वाचली. तो जाळ्यात नव्हता. आणि प्रमेय म्हणत होतं, जाळ्याबाहेर कुणी नाही.

"प्रमेय चुकत नाही, बाळ. मग जाळं चुकलंय. मी गेल्यावर हे वाचणारा इथे कुणी नाही, माहीत आहे ना? महिनाअखेर."

ती परत आली तेव्हा हॉलमध्ये उन्हं तिरपी झाली होती. तिने काळ्या भिंतीकडे पाहिलं. पाचवा ठिपका, त्याच्याकडे जाणारा एकुलता बाण. इतकी वर्षं ती त्याच्यासमोर वावरली होती, आणि त्या खोलीत कुणीतरी बसून होतं हे तिला दिसलं नव्हतं.

पुढचे दिवस तिने एकेक टाका तपासला. चूक सापडेना. रजा टाकून ती भिंतीसमोर बसून राहिली. घर इतकं शांत असे की मागच्या खोलीतल्या खुर्चीचा वेत करकरला तरी ऐकू येई. लाकूड हवेने आवाज करतं, ती स्वतःला सांगे. मग वाटे, हवा तर बंद आहे.

एका दुपारी आई कप घेऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली, थबकली, साखर विसरली म्हणून परत गेली. पुन्हा आली, पुन्हा परत गेली.

"आई, किती फेऱ्या?"

"फेऱ्या मारून गेलं काय नि थेट गेलं काय, पोचायचं तिथेच पोचणार," आई म्हणाली आणि मागच्या खोलीचं दार कोपराने लोटून आत गेली.

मुलीच्या हातातला खडू तसाच राहिला. ही तर सरांची अट. शब्दन् शब्द हीच. हॉलमधून स्वयंपाकघरात एक फेरी मारून मागच्या दारातून जाणं आणि थेट जाणं, दोन्ही एकच धरायचं. ती अट तिला तोंडपाठ होती, म्हणूनच तिने तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. एक फेरी चालते, तर दोनही चालतात, तीनही. पण सरांची दुसरी अट अशी होती की तीन फेऱ्या मारल्या की सगळं शून्य होतं, माणूस उरतच नाही. मग तीन फेऱ्यांनंतर त्या दारातून जाणार कोण? कुणीच नाही. आणि थेट जाणं म्हणजेच तीन फेऱ्या मारून जाणं.

म्हणजे थेटही कधी कुणी गेलं नव्हतं. ते दार नव्हतंच. बाण नुसता काढलेला होता.

तिने ओल्या फडक्याने बाण पुसला. पाचवा ठिपका भिंतीवर एकटा राहिला. प्रमेयाची एक ओळ, सगळ्यांना माहीत म्हणून कुणीच मोठ्याने म्हणत नाही अशी, तिला आता ऐकू आली: नकाशा एकसंध असला तर. हा नव्हता. जाळं बरोबर होतं, प्रमेय बरोबर होतं, आणि तो एकटाही बरोबर होता. इकडून तिकडे काही जात नव्हतं, एवढंच.

तिने सरांना फोन लावला. बाण का पुसला ते सांगितलं. मग सर हळूच हसले. "म्हणजे एक घर सांगून मी तुला दोन घरं दिली. इतकी वर्षं. आणि तूही तक्रार न करता राहिलीस. ये उद्या, सही करतो."

तिला एकदम चहा हवासा वाटला. ती स्वयंपाकघरात गेली. आई आपला कप घेऊन बसली होती.

"मला करशील?"

"केलाय की. ओट्यावर आहे, रोज असतो. तू येतेस कुठे? मग मी ओतून टाकते."

ओट्यावर तिचा कप होता. चहा गार झाला होता, वर साय धरली होती. ती आईसमोर बसली आणि सायीसकट प्यायली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. अगदी बेताने, झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून ठेवावा तसा.

आई तिच्यासमोरच बसली होती. दोन्ही हात कपाभोवती.

"झाला त्यांचा," आई म्हणाली. "घेऊन येतेस? माझे गुडघे आता उठू देत नाहीत."

मुलगी उठली. हॉलमधून जाताना तिने भिंतीकडे पाहिलं नाही. कडी लावलेली नव्हती. आत खुर्ची, स्टूल, स्टुलावर बशी आणि कप. खिडकी आतून बंद होती आणि तिच्या फटीत जुनी धूळ घट्ट बसली होती. कपात तळाला चहाच्या चार-दोन पत्त्या चिकटलेल्या.

तिने कप उचलला. तो अजून कोमट होता.

प्रबंधात तिने लिहिलं ते बदललं नाही. त्या दारातून काही जात नाही, आणि पाचव्या खोलीत एकजण आहे. दोन्ही विधानं सिद्ध केलेली होती. सरांनी सही केली, काकूंनी पेढ्याऐवजी खोक्यातली बिस्किटं काढून दिली, आणि महिनाअखेरीला ते दोघं गेले.

आता तिसऱ्या प्रहरी खडू ठेवून ती स्वयंपाकघरात जाते आणि चहा गार व्हायच्या आत पिते. मागच्या खोलीतला कप आणायचं काम तिच्याकडे आलं आहे. आत जाण्याआधी ती दारावर टकटक करते.