कानातला पिवळा बिल्ला

डुकराचं रक्त काढायचं म्हणजे आधी कान बंद करायचे. डुकराचे नव्हे, आपले. वरच्या जबड्यात दोरीचा फास अडकवला की ते असं किंचाळतं, की पलीकडे जवळा बाजारच्या आठवडी बाजारात माणसं भाव करायची थांबतात. मी कुरुंद्याच्या हळदवाल्या घरातला. पशुवैद्यकी शिकलो, शहरात प्रयोगशाळेत लागलो आणि डुकरांच्या तापाची तपासणी करणारी पट्टी बनवू लागलो. कुणी विचारलं तर आई अजून ‘जनावरांचा डॉक्टर आहे’ एवढंच सांगते. कुठली जनावरं, ते गाळते.

करोनात घरोघर वापरली तसलीच आमची पट्टी. रक्ताचा थेंब टाकायचा. एक रेघ उठली तर डुक्कर निरोगी, दोन उठल्या तर ताप आहे. या तापावर औषध नाही आणि आपल्याकडे टोचायला लसही नाही. लस बनवणारे वरच्या मजल्यावर बसायचे. जेवताना आम्ही त्यांना विचारायचो, “झाली का?” ते म्हणायचे, “तुमची पट्टी झाली का?” पट्टी खात्रीची आहे हे ठरवायला निरोगी डुकरांचंही रक्त लागतं, तेही त्याच त्या डुकरांचं, पुन्हा पुन्हा. म्हणून मी दर दोन महिन्यांनी बाजारामागच्या एका वस्तीत जायचो.

तिथं माझ्या आईच्या वयाची एक बाई डुकरं पाळायची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला साहेब. तिच्या लग्नात तिच्या आईनं एक पिल्लू दिलं होतं. त्याच्याच वंशातली एक थोराड काळी डुकरीण तिच्याकडे होती. वस्तीतली निम्मी डुकरं या डुकरिणीच्या पोटची. मावशीचा सगळा संसार तिच्या वेतांवर चाललेला.

कुठलं रक्त कुणाचं हे कळावं म्हणून आम्ही डुकरांच्या कानात बिल्ले मारले. गोदामात होते तेच उचलले, पिवळे, गावातल्या गाई-म्हशींच्या कानात असतात तसे. लम्पीची लस टोचायला येणारे आधी तो बिल्ला बघतात, नसला तर मारतात आणि मग सुई लावतात. बिल्ला म्हणजे लस झाली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एवढं शिकून मला तेवढं सुचलं नाही.

तिसऱ्या फेरीला शेजारीण काही केल्या तिच्या डुकराला हात लावू देईना. मावशी तिला म्हणाली, “टोचून घे बाई. माझ्या डुकरिणीला दोनदा झालं. आता तिला काही होत न्हाई.”

मी ते ऐकलं. सुई माझ्या हातात होती. शेजारणीनं मुकाट डुक्कर धरून आणलं. मला नमुने कमी पडत होते. म्हटलं, आत्ता नको, जाताना नीट समजावून सांगू. जाताना मावशीनं चहा केला. मी चहा प्यालो, गाडीला किक मारली आणि निघालो.

चौथ्या फेरीला डुकरीण गाभण होती. “ह्या खेपेला तिला नका टोचू साहेब,” मावशी म्हणाली. मी बरं म्हटलं. तेव्हाही बोलता आलं असतं.

महिन्याभरात मावशीचा फोन आला, डुकरीण खात नाही म्हणून. आठ दिवसांपूर्वी साखरा गावात तिच्या बहिणीची डुकरं पटापट मरत होती. उरलेली तीन तिनं टेम्पोत घालून मावशीकडे आणली आणि मावशीनं ती आपल्या डुकरांच्या वाड्यात कोंडली. मी पोचलो तेव्हा डुकरिणीचे कान जांभळट पडले होते आणि ती उठत नव्हती.

“ही आत काहून घेतली मावशी?”

“बहिणीची हायेत. अन् आपल्याला बिल्ला हाये न.”

मी रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. दोन रेघा उठल्या. इतकी ठसठशीत रेघ आमच्या प्रयोगशाळेतही कधी उठली नव्हती. पट्टी चालते, म्हणून क्षणभर मला आनंद झाला. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढचं सगळं नियमानं झालं. मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, जेसीबी आलं, खड्डा झाला, चुन्याची पोती उतरली. किलोमीटरभरातली सगळी डुकरं सुई टोचून मारायची होती, निरोगी धरून. बिल्ल्यांमुळे मोजणी सोपी गेली, यादी माझीच होती. आजवर आमच्या सुईनं त्या वस्तीतून नुसतं घेतलं होतं. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा काही दिलं.

डुकरिणीला फास लावायची गरज पडली नाही. मावशीनं तिचं पोट खाजवलं, तशी ती कुशीवर कलंडली. सगळं झाल्यावर मावशी माझ्याजवळ आली.

“साहेब, त्या येळी मी तिला टोचू दिलं न्हाई, गाभण म्हणून. त्याच्यानंच झालं का?”

“नाही मावशी. ती लस नव्हतीच.”

“मंग इतके दिस काय करून राहिले व्हते?”

“रक्त तपासत होतो.”

“तपासून?”

“आजार आहे का, ते कळतं.”

“अन् कळल्यावर?”

जेसीबी खड्ड्यावर माती लोटत होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तवाच सांगायचं व्हतं,” ती म्हणाली. “मी बहिणीची डुकरं आत घेतली नसती.”

आता मी प्रत्येक दारात आधी सांगतो, ही लस नाही, लस अजून झालेली नाही. निम्मी माणसं मग नको म्हणतात. परवा दीड वर्षानं मावशीच्या दारात गेलो. तिच्याकडे आता एकच पिल्लू आहे, कुणाकडून तरी आणलेलं. माझं सांगणं तिनं पुरतं ऐकून घेतलं आणि पिल्लू उताणं करून धरलं.

“रक्त घ्या,” ती म्हणाली. “बिल्ला मातर मारू नका. तो दिसला की जिवाला उगीच धीर येतो.”

मी बिल्ले बॅगेत परत ठेवले आणि पिल्लाच्या पाठीवर मार्करनं आकडा लिहिला.