गुण्यात बसवलेला मासा

आमच्या घरात सगळे माळकरी, देहूला इंद्रायणीतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालणारे. तरी माझ्या हातून एक मासा बिघडला. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही.

मासा नकली होता. आकुर्डीच्या कंपनीत टूलरूममध्ये माझ्या शेजारी एक कोकणी मित्र होता. त्याच्या बोटीवरच्या मेव्हण्याने त्याला दोरीला बांधायचे तीन क्रँकबेट आणून दिले. लाकडी मासे, पोटाला गळ, तोंडाखाली पत्र्याची जीभ. दोरी ओढली की जीभ पाणी कापते आणि मासा डुलत खाली जातो. आखूड जिभेचा वरवर पोहतो, लांब तिरक्या जिभेचा खोल. जिताडा हा मोठा मासा खाडीच्या तळाशी, पाणी गढूळ. म्हणून त्याने लांब जिभेचा पिवळाधमक निवडला. बाकीच्या दोघांचे गळ काढून ते मुलांना खेळायला दिले. शिमग्याला गावी जाऊन वडिलांसमोर जिताडा काढायचा होता. वडील जन्मभर खाडीवर. पगार खाऊन पोराचा हात गेला, असं ते चारचौघांत म्हणत.

जुने गळ गंजले होते, नवे बसवून दे म्हणून मासा माझ्याकडे आला. मी मापं तपासणारा माणूस. ती तिरकी जीभ मला बघवेना. प्रवासात वाकली असणार, असं ठरवून वाइसच्या जबड्यात धरली, गुण्या लावला आणि काटकोनात आणली. गुण्याखाली उजेडाची फट दिसेना, तेव्हा कुठे जीव शांत झाला.

शिमग्याहून तो परत आला. मासा बुडालाच नाही म्हणे. पाण्यावर उताणा होऊन गरगरत राहिला. वडील म्हणाले, आकुर्डीला ने, उन्हाळ्यात पंखा म्हणून बरा. अख्खी वाडी हसली. त्यानंतर त्याने दोरी हातात धरली नाही, आणि जीभ तिरकीच हवी होती हे कळूनही मी गुण्याला तेल लावत बसलो.

परवा कँटीनमध्ये चहा घेताना सांगून टाकलं. त्याने बशी खाली ठेवली.

"म्हणजे माझा हात बरोबर होता?"

"होता राव. जीभ मी सरळ केली."

"मग शिमग्याला चल. बाबांना तूच सांग." कप उचलत म्हणाला, "आणि माळ शर्टाच्या बाहेर ठेव. त्याशिवाय म्हातारा विश्वास ठेवायचा नाही."

रजा मंजूर झाली आहे. कोकणात कशाला चाललोय, हे आईला अजून सांगितलेलं नाही.