हिल्डा क्लेगचा जड हात

हिल्डा क्लेग कॅल्डरटोन कंपनीत सव्वीस वर्षं रेडिओचं सोल्डरिंग करत होती. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघीण. आमचे फोरमन ऑर्मरॉड साहेब रेडिओचं मागचं झाकण उघडून, ते काम कोणत्या बाईचं, हे नुसत्या नजरेने सांगायचे. हिल्डाला कायम टोकायचे, "पोरी, हात जड आहे तुझा." ती म्हणायची, "म्हणूनच नवरा सरळ आहे, साहेब."

साहेब निवृत्त होऊन ब्लॅकपूलला मुलीकडे गेले. पुढे कंपनीने आमची लाइनच बंद केली. रेडिओ जपानहून तयार येऊ लागले आणि हिल्डासकट चाळीस जणी घरी बसल्या. मला ठेवलं. काम काय, तर आतलं जपानी लेबल खरवडून काढायचं आणि बाहेर कॅल्डरटोनची पितळी पट्टी चिकटवायची. गावात कुणी विचारलं तर मी "तपासणीला आहे" असं सांगायचे. लाज वाटायची, दुसरं काय.

एक दिवस साहेबांचा फोन आला. लाइन बंद झाल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी नवा कॅल्डरटोन घेतला होता आणि सवयीने उघडूनही पाहिला होता.

"काय सुबक काम आहे गं! पण हात ओळखू येईना. कुणाचा?"

खरं सांगायला जीभ रेटेना. जे नाव आधी सुचलं ते बोलून गेले. "हिल्डाचा."

डिसेंबरात जुन्या कामगारांच्या चहाला साहेब आले. सँडविच बाजूला ठेवून काठीच्या आधाराने उभे राहिले.

"हिल्डाला मी जड हाताची म्हणून जन्मभर बोललो. परवा तिचा रेडिओ उघडला. असं काम या कारखान्यात मी कधी पाहिलं नाही. हिल्डा, चुकलो बरं का मी."

खरं काय ते त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. हिल्डाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती उठली.

"थँक्यू, साहेब. उशिरा का होईना, जमलं."

बाहेर पडताना मी तिला गाठलं. "माफ कर गं. म्हाताऱ्याचं मन मोडवेना."

"त्याचं नाहीच मोडलंस," ती कोटाची बटणं लावत म्हणाली. "त्या माणसाच्या तोंडून एक बरा शब्द निघावा म्हणून मी वर्षानुवर्षं राबले. आज निघाला. कुणाच्या कामाला, ते तुला माहीत आहे."