कोरमंगलातला बिघडणारा सर्व्हर

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या कोरमंगला भागात इन्स्पेक्टर होतो. तिथल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली साठवणारे मशीन, वारंवार बिघडत होता. चालू कामात कोणीतरी त्याचा वीजपुरवठा तोडे आणि डिस्कवरची फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींची मांडणी, विस्कटे. मग पुण्याहून आलेली एक इंजिनिअर आणि तिचा कन्नड सहकारी शेजारी बसून ती दुरुस्त करत.

एक दिवस ठाण्यात निनावी फोन आला. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तो माणूस म्हणाला, बिघाड तो सहकारीच करतो, त्याला धरा. मी नाव विचारले, तेव्हा गडबडून त्याच्या तोंडून "थांबा हं" निघाले आणि फोन बंद झाला. मी बेळगावकडचा, घरी मराठीच. ते दोन शब्द लक्षात राहिले.

कंपनीच्या तक्रारीवरून सहकाऱ्याला चौकशीला आणले. त्याची नोकरी जाणार हे जवळपास ठरले होते. तो म्हणाला, "सर, मी कशाला बिघडवीन? दुरुस्तीला मलाच बसावं लागतं."

मी कंपनीच्या वॉचमनला विचारले, "कर्मचाऱ्यांशिवाय आत कोण जातं?"

"कोणी नाही सर. मॅडमचे यजमान तेवढे. संध्याकाळी न्यायला येतात, आत बसतात."

यजमानांना बोलावले, चहा दिला आणि मराठीत बोलायला लागलो. "मिसेसना कामाचा फार ताण दिसतो."

"ताण कसला? स्क्रीनसमोर दोघं हसत बसलेले असतात. घरी माझ्याशी ती इतकं बोलत नाही."

आवाज फोनवरचाच होता. "म्हणून तुम्ही मशीन बंद करत होतात?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "त्याला काढून टाकतील असं वाटलं. पण बिघाड झाला की दोघं आणखी उशिरापर्यंत बसायची."

"मग पुन्हा का केलंत?"

"बघवत नव्हतं, साहेब."

त्याच्या पत्नीला ठाण्यात बोलावून सगळे सांगितले. "मला एकदा विचारायचं तरी," एवढेच ती नवऱ्याला म्हणाली. मग तिने तिथेच बसलेल्या सहकाऱ्याची माफी मागितली. सर्व्हर अजून बंदच होता; दोघे तो दुरुस्त करायला निघाले. नवऱ्याने मागून विचारले, "उशीर होईल का?" ती न थांबता बाहेर पडली.

नवऱ्यावर गुन्हा नोंदवला, त्याला जामीन मिळाला. तिने वकील दिला, स्वतः मात्र कोर्टात आली नाही.

तोवर मी अशा प्रकरणांत वैर किंवा फायदा शोधत असे. पण मत्सराने पेटलेला माणूस लांब राहत नाही, रोज जवळ येऊन बघत बसतो. नंतरच्या नोकरीत मी प्रत्येक वॉचमनला आधी हेच विचारत आलो, कर्मचाऱ्यांशिवाय आत कोण जातं?